एर्नेस्तो गालार्सा : मजुरांचे कागद वाचणारा माणूस





दसरा जवळ आला की आपल्या धर्मग्रामाला निघण्याची घाई लागते. मुकादमाची उचल घेऊन झालेली असते, पत्र्याच्या पेट्या भरल्या जातात, आणि एक दिवस पहाटे ट्रॅक्टर येऊन उभा राहतो. मग मार्च-एप्रिलपर्यंत अर्धी घरे कुलपात. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला मागची बाके रिकामी असतात आणि ती कोणाची, हे सर्वांना ठाऊक असते.

गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक आजी थांबल्या होत्या. त्यांचा नातू पाचवीत आहे. त्याला बोर्डिंगात ठेवावे की ऊसतोडीला बरोबर न्यावे, हे त्यांना विचारायचे होते. मी सवयीने बोर्डिंगात ठेवा असे सांगितले. त्यावर त्यांनी मला असे विचारले की मी निरुत्तर झालो. शिकून तो आमच्यापासून लांबच जाणार ना, मग आमच्या काय उपयोगाचा, असा त्यांचा सवाल होता. तेव्हापासून मला एका माणसाची सारखी आठवण होते आहे. तो आपल्या देशाचा नव्हता. तो शिकला, फार शिकला, आणि वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा मजुरांच्या वस्तीत येऊन उभा राहिला. त्याची गोष्ट आज सांगतो.

एर्नेस्तो गालार्सा याचा जन्म १५ ऑगस्ट १९०५ रोजी, म्हणजे पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी झाला. गाव हालकोकोतान, मेक्सिको देशाच्या पश्चिमेकडील डोंगराळ मुलखातले. आज त्या राज्याला नायारित म्हणतात. गावात एकच रस्ता होता. मातीच्या कच्च्या विटांची, गवताने शाकारलेली घरे त्याच्या कडेने होती, आणि त्यांतल्या एका घरात हे बाळ जन्मले. आई एन्रिकेता वडिलांपासून वेगळी होऊन बहिणीच्या आसऱ्याला आली होती. तिच्याजवळ शिवणयंत्र होते, त्यावर ती दोघांचे पोट भरी. गुस्ताव्हो आणि होसे हे तिचे दोन तरुण भाऊ त्याच घरात राहत. मुलाला बाप नव्हता, पण दोन मामा होते. मामाचे महत्त्व आपल्याकडे वेगळे सांगायला नको.

१९१० मध्ये मेक्सिकोत क्रांती पेटली. पोर्फिरिओ दियास याची तीसेक वर्षांची सत्ता उलथली, आणि मग कोण कोणाशी लढते आहे हेच कळेनासे झाले. गरिबाच्या घरात अशा वेळी एकच भीती असते, ती म्हणजे तरुण पोरांना पकडून फौजेत भरतील ही. एन्रिकेताने दोन्ही भावांना आणि मुलाला घेऊन गाव सोडले. आधी तेपिक, मग आकापोनेता, मग समुद्रकाठचे मासात्लान. जिथे काम तिथे मुक्काम. मामा रेल्वेच्या कामावर लागले आणि पुढे सरकत अमेरिकेत पोहोचले. मागून मायलेकरे नोगालेस येथे सीमा ओलांडून, टुसॉनमार्गे रेल्वेने कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो शहरी आली. या प्रवासाला काही वर्षे लागली. डोंगरातून निघालेल्या मुलाचे बालपण वाटेतच सरले म्हणा ना.

सॅक्रामेंटोच्या खालच्या वस्तीत, नदीच्या बाजूला, जगातले सारे गरीब गोळा झाले होते. मेक्सिकन, जपानी, चिनी, पोर्तुगीज, इटालियन, आणि आपले पंजाबी शेतमजूरसुद्धा. तिकडचे लोक त्यांना सरसकट हिंदू म्हणत, जरी त्यांतले बहुतेक शीख होते. जवळच्याच स्टॉक्टन गावी १९१२ मध्ये त्यांनी गुरुद्वारा उभारला, आणि पुढे त्यांच्यातल्या अनेकांनी मेक्सिकन मुलींशीच लग्ने केली. हे जाता जाता सांगितले, कारण मेक्सिकोची माणसे आपल्याला फार लांबची वाटतात.

एर्नेस्तोला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. लिंकन शाळेत पहिलीच्या बाईंनी त्याला वेगळे बसवून, जीभ कुठे लावायची आणि ओठ कसे करायचे हे दाखवून, ती भाषा शिकवली. त्या शाळेचा एक गुण त्याने म्हातारपणी आवर्जून नोंदवून ठेवला आहे. अमेरिकन होण्यासाठी मेक्सिकन असल्याची लाज वाटली पाहिजे, अशी अट तिथे नव्हती. आपल्याकडच्या किती शाळांबद्दल असे म्हणता येईल? मुलाच्या घरची बोली ऐकून वर्ग हसतो आणि शिक्षकही हसतात, असे मी स्वतः पाहिले आहे.

१९१८ साल आले आणि इन्फ्लुएंझाची साथ आली. आपल्याकडेही त्या वर्षी तिने गावेच्या गावे रिकामी केली होती. आधी गुस्ताव्हो मामा गेला. पाठोपाठ आई गेली. तेरा वर्षांचा मुलगा आणि होसे मामा एवढे दोघेच उरले. या प्रसंगाबद्दल गालार्सा यांनी फार लिहिलेले नाही. मीही लिहीत नाही.

होसे मामाने मात्र एक गोष्ट केली, आणि या साऱ्या गोष्टीतला खरा मोठा माणूस मला कधी कधी तोच वाटतो. त्याने भाच्याची शाळा सुटू दिली नाही. स्वतः मिळेल ते काम केले. भाच्याने शाळा सुटल्यावर निरोप पोचवण्याची, दुकानात हाताखाली राहण्याची कामे केली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत शेतमजुरी केली. फळबागा होत्या, बिअरसाठी लागणाऱ्या हॉप्सच्या वेली होत्या. ठेकेदार माणसे गोळा करी, त्यांना मळ्यावर नेई, मालकाशी भाव ठरवी आणि मजुरांच्या पैशांतून आपला हिस्सा कापून घेई. तुम्ही त्याला मुकादम म्हणाल. फरक फारसा नाही.

अशाच एका मळ्यावरच्या तळावर मजुरांना पाटाचे पाणी प्यावे लागे. ते पाणी घाण होते. तळावर एक तान्हे मूल दगावले. मोठी माणसे हळहळली, पण साहेबाच्या कचेरीत जाऊन बोलणार कोण? इंग्रजी येणारा तिथे एकच होता, तो हा शाळकरी पोरगा. त्यांनी त्यालाच शहरात पाठवले. १९१३ मध्ये हॉप्सच्या एका मळ्यावर दंगल होऊन माणसे मेली, त्यानंतर कॅलिफोर्निया राज्याने मजुरांच्या राहण्याची सोय पाहण्यासाठी एक आयोग नेमला होता. त्या आयोगाचे प्रमुख सायमन लुबिन यांना हा मुलगा भेटला. त्यांनी तपासनीस पाठवायचे कबूल केले, आणि वर एक सल्ला दिला की तुम्ही लोक एकत्र व्हा, संघटना करा. मुलाने परत येऊन तो सल्ला तळावरच्या लोकांना भाषण करून सांगितला. त्याच्या आयुष्यातले ते पहिले भाषण. पुढे तपासनीस आले, पाणी तपासले गेले. आणि मुलाला कामावरून काढून टाकण्यात आले.

आजी, तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे, पण अजून थांबा.

शिष्यवृत्ती मिळवून गालार्सा लॉस एंजेलिसच्या ऑक्सिडेंटल कॉलेजात गेले आणि १९२७ मध्ये पदवीधर झाले. मेक्सिकोच्या इतिहासात कॅथलिक ख्रिस्तसभेचे स्थान काय, यावर त्यांनी अभ्यास केला आणि १९२८ मध्ये ते पुस्तक छापले. ते दिवस लक्षात घ्या. मेक्सिकोत सरकार आणि ख्रिस्तसभा यांच्यात उघड युद्ध चालू होते, चर्चमध्ये सार्वजनिक मिस्सा बंद होती, आणि १९२७ च्या नोव्हेंबरात फादर मिगेल प्रो यांना गोळ्या घातल्या गेल्या होत्या. तेवीस वर्षांच्या मुलाने असा विषय हाती घेणे हे धाडसच होते.

नंतर स्टॅनफर्डमध्ये एम. ए., न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉक्टरेटचा अभ्यास. १९२८ मध्येच मे टेलर यांच्याशी लग्न झाले होते, दोघांनी मिळून न्यूयॉर्कमध्ये लहान मुलांची शाळाही चालवली. १९३६ पासून ते वॉशिंग्टनला पॅन अमेरिकन युनियनमध्ये, म्हणजे उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या देशांच्या संयुक्त संस्थेत, नोकरीला लागले आणि तिथल्या कामगार विभागाचे प्रमुख झाले. हुद्दा होता, टेबल होते, टेबलामागे पगार होता. हालकोकोतानच्या मुलाने याहून अधिक काय मागावे?

त्या टेबलावरच त्यांच्यासमोर ब्रासेरो मजुरांचे कागद आले.

हे प्रकरण नीट समजून घेऊ. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला शेतमजूर कमी पडू लागले, तेव्हा ४ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिका आणि मेक्सिको या सरकारांनी करार केला. मेक्सिकन पुरुषांनी ठराविक महिन्यांसाठी यायचे, शेतात राबायचे आणि परत जायचे. बायकामुले आणायची नाहीत. मालक बदलायचा नाही. युद्ध १९४५ मध्ये संपले, पण स्वस्त मजुरांची सवय संपली नाही. १९५१ मध्ये नवा कायदा करून योजना पक्की केली गेली आणि ती १९६४ पर्यंत, बावीस वर्षे चालली. त्या काळात सुमारे ४६ लाख करार झाले. एकट्या १९५६ मध्ये सव्वाचार लाखांहून अधिक माणसे आली.

कागदावर सारे छान होते. त्या भागात चालू असलेल्या दराने मजुरी, राहायला स्वच्छ जागा, जाण्यायेण्याचा खर्च, सारे लिहिलेले. सुरुवातीच्या वर्षांत तर मजुरीतला दहावा हिस्सा बचत म्हणून कापून मेक्सिकोत परत देण्याचे कलम होते. ती रक्कम अनेकांना कधी मिळालीच नाही. त्यांचे वारस पुढे २००० नंतरही ती मागत राहिले. प्रत्यक्षात भरती केंद्रावर नाव लागावे म्हणून आधीच लाच द्यावी लागे. तिथे हातांचे तळवे पाहत, घट्टे असतील तर घेत. सीमेवर कपडे उतरवून अंगावर डीडीटीची पावडर फवारत. मळ्यावर कमरेतून वाकवणारे आखूड दांड्याचे खुरपे हातात येई. त्याने कित्येकांच्या पाठी कायमच्या गेल्या आणि कॅलिफोर्नियात त्यावर बंदी यायला १९७५ साल उजाडले. जेवणाचे रोज पावणेदोन डॉलरपर्यंत कापून घेत, पाऊस पडून काम बंद राहिले तरीही जेवण कापले जाई. आणि चालू दर म्हणजे किती, हे ठरवण्यात मळेवाल्यांचाच शब्द चाले.

ब्रासेरो हा शब्द स्पॅनिश भाषेतल्या हात या शब्दावरून आला आहे. ब्रासो म्हणजे बाहू. ज्याचे बाहू भाड्याने घेतले तो ब्रासेरो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना जर्मन तत्त्वज्ञ कांट यांचा विचार आम्ही पाठ केला होता, की माणसाला कधीही नुसते साधन म्हणून वापरू नये. परीक्षेत त्यावर मला चांगले गुण मिळाले. पण तो विचार मला खऱ्या अर्थाने कळला तो आपल्याकडच्या एका शब्दाने. नवराबायकोची जोडी ऊसतोडीला गेली की तिला एक कोयता म्हणतात. एकटा गडी गेला तर अर्धा कोयता. टोळीत किती माणसे असे कोणी विचारत नाही, किती कोयते असे विचारतात. मेक्सिकोचा मजूर निदान बाहू तरी होता, अंगाचा भाग होता. आपला तर लोखंडाचा तुकडा झाला.

वॉशिंग्टनमध्ये गालार्सा यांनी अहवाल लिहिले, तक्रारी वर पाठवल्या. काही होईना. बोलिव्हियातल्या खाणमजुरांच्या प्रश्नावरूनही त्यांचे वरिष्ठांशी बिनसले होते. १९४७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि बायको-मुलींसह कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे बिऱ्हाड केले. राष्ट्रीय शेतमजूर युनियनचे काम त्यांनी पत्करले. या युनियनजवळ पैसा नव्हता, आणि कायदाही तिच्या बाजूचा नव्हता, कारण कामगारांना संघटनेचा हक्क देणाऱ्या १९३५ च्या अमेरिकन कायद्यातून शेतमजूर मुद्दाम वगळले होते. मी आज त्याच वयाच्या आसपास आहे. बदलीचा आदेश आला तरी माझ्या मनात पहिला विचार येतो तो नव्या ठिकाणच्या खोलीचा. म्हणून हा राजीनामा मला सहज पुढे जाता येण्यासारखा वाटत नाही.

पहिलीच लढाई मोठी होती. केर्न जिल्ह्यात आर्विन गावाजवळ डी जॉर्जिओ कंपनीचा अकरा हजार एकरांचा मळा होता. १ ऑक्टोबर १९४७ रोजी तिथले हजाराहून अधिक मजूर संपावर गेले. मागणी तासाला दहा सेंट वाढीची, आणि युनियनशी बोलणी करण्याची. तिथे कामावर असलेल्या ब्रासेरो मजुरांनीही सुरुवातीला काम थांबवले, पण सरकारी अधिकाऱ्यांनी येऊन त्यांना परत शेतात उभे केले. करारच तसा होता, नाही म्हटले तर घरी रवानगी. १९४८ मध्ये एका बैठकीवर गोळीबार होऊन स्थानिक युनियनचा अध्यक्ष जबर जखमी झाला. मजुरांच्या हलाखीवर युनियनने एक छोटा चित्रपट काढला, तर कंपनीने बदनामीचा दावा ठोकला. अमेरिकन संसदेच्या एका उपसमितीने येऊन चौकशी केली. तिच्यात पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रिचर्ड निक्सन हे तरुण खासदार होते. युनियनच्या विरोधातला एक अहवाल संसदेच्या कामकाजात छापून आला आणि त्याने संपाची कंबर मोडली. १९५० मध्ये तडजोड झाली. चित्रपटाच्या प्रती नष्ट कराव्या लागल्या, संप मागे घ्यावा लागला. अडीच वर्षांच्या उपासमारीनंतर हातात शून्य.

तो अहवाल मुळात समितीने रीतसर मंजूर केलेला नव्हताच, हे गालार्सा यांनी नंतर वर्षानुवर्षे कागद खणून दाखवून दिले आणि १९७० मध्ये त्यावर आख्खे पुस्तक लिहिले. हा हट्ट काहींना वेडेपणाचा वाटला असेल. मला तो न्यायाचा वाटतो. हरलेल्यांच्या नावावर खोटे लिहून ठेवले असेल तर निदान ते तरी पुसले पाहिजे.

पुढची काही वर्षे तशीच गेली. टोमॅटोच्या मळ्यांवर, खरबुजांच्या इंपीरियल खोऱ्यात, जिथे संप झाला तिथे मालकाने ब्रासेरो आणून उभे केले. संपाच्या जागी त्यांना लावता येणार नाही, असे कायद्यात लिहिलेले असतानाही. गालार्सा यांना एक गोष्ट उमगली. हा करार चालू आहे तोवर इथल्या मजुराचा संप जिंकणे शक्य नाही आणि तिकडून येणाऱ्या मजुराचे हाल थांबणे शक्य नाही. दोन गरीब एकमेकांच्या विरुद्ध उभे केले आहेत. दोष येणाऱ्याचा नाही, करार करणाऱ्याचा आहे. स्वतः सीमा ओलांडून आलेला माणूस होता तो. येणाऱ्या मजुराचा द्वेष करणे त्याला जमले नसते. त्याने ती योजनाच बंद पाडायचे ठरवले, आणि शस्त्र निवडले ते कागदाचे.

ते तळांवर जात. मजुरांशी त्यांच्या भाषेत बोलत. मजुरीच्या चिठ्ठ्या मागून घेत आणि कराराचे एकेक कलम समोर ठेवून ताडून पाहत. या कलमात असे म्हटले आहे, तुझ्या चिठ्ठीत असे का? किती तास भरले, किती कापले, कशाचे कापले? कोलंबिया विद्यापीठात शिकलेली संशोधनाची सारी शिस्त त्यांनी त्या चुरगळलेल्या चिठ्ठ्यांवर खर्च केली. त्यातून १९५६ मध्ये ‘स्ट्रेंजर्स इन अवर फील्ड्स’ ही पुस्तिका निघाली. मळेवाल्यांच्या संघटनांनी तिच्यावर झोड उठवली, पण आकडे आणि चिठ्ठ्या खोट्या ठरवता आल्या नाहीत. १९६४ मध्ये ‘मर्चंट्स ऑफ लेबर’ हे मोठे पुस्तक आले. मजुरांचे व्यापारी, असा त्या नावाचा अर्थ.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. माझ्या पहिल्या नेमणुकीच्या गावी एक म्हातारबाबा माझ्याकडे स्टँप पेपर घेऊन आले होते. उचलीचा कागद. त्यांचा अंगठा घेतलेला होता. मी तो मोठ्याने वाचून दाखवला. फिटलेल्या रकमेवर पुन्हा रक्कम चढवलेली मला दिसली, त्यांनाही कळली. मी त्यांच्यासाठी प्रार्थना केली आणि कागदाची घडी घालून परत दिला. तारखा ताडून पाहिल्या नाहीत, कोणाकडे गेलो नाही, नक्कलही काढून ठेवली नाही. ते पुढच्या हंगामाला पुन्हा गेले. वाचता येणे आणि एखाद्यासाठी वाचणे यात फरक आहे, आणि तो मला उशिरा कळला.

उसाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक हकिगत. १९५३ च्या शरदात अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात ऊस मळ्यांवरच्या मजुरांनी याच युनियनच्या झेंड्याखाली संप केला. बहुतेक मजूर कृष्णवर्णीय होते आणि त्यांतले पुष्कळ कॅथलिक. गंमत म्हणजे त्या राज्यात जिल्ह्यालाच पॅरिश म्हणतात. न्यू ऑर्लिअन्सच्या महाधर्मप्रांतातले काही धर्मगुरू उघडपणे मजुरांच्या बाजूने उभे राहिले, त्याबद्दल मळेवाल्या कॅथलिकांचा रोषही त्यांनी ओढवून घेतला. न्यायालयाचा मनाई हुकूम आला आणि ऐन गाळपाच्या दिवसांत संप मोडला. गालार्सा यांनी १९५४ मध्ये त्याची कैफियत लिहून ठेवली. या धर्मगुरूंबद्दल आम्हाला सेमिनरीत कोणी शिकवले नव्हते.

मग १७ सप्टेंबर १९६३ चा दिवस आला. कॅलिफोर्नियाच्या सालिनास खोऱ्यात चुआलार गावाजवळ, दिवसभराचे काम संपवून ब्रासेरो मजूर तळावर परतत होते. वाहन म्हणजे ट्रकच्या हौद्यावर छत टाकून आणि आत लांब बाके ठोकून केलेली बस. अशा वाहनातून तुम्ही प्रवास केला आहे, वर्णन वाढवत नाही. रेल्वेचे फाटकविरहित रूळ ओलांडताना मालगाडीने ते वाहन उडवले. ३२ माणसे मेली. संसदेच्या शिक्षण व कामगार समितीने चौकशीसाठी गालार्सा यांना पाठवले. त्यांनी नेहमीच्या पद्धतीने एकेक गोष्ट तपासली. वाहन कसे बनवले होते, कोणी परवानगी दिली, बाके कशी बसवली होती, अवजारे कुठे टाकली होती, चालकाला रूळ दिसत होते का. चुकले कोण, एवढाच त्यांचा प्रश्न नव्हता. माणसांची वाहतूक मालासारखी करण्याची मुभा कोणत्या नियमाने दिली, हे त्यांना हवे होते. त्या वृत्तान्ताच्या स्पॅनिश नावात त्यांनी त्या जागेला बत्तीस क्रुसांचे फाटक म्हटले आहे.

योजनेचे दिवस तेव्हा भरत आलेच होते. मे १९६३ मध्ये प्रतिनिधीगृहाने मुदतवाढ फेटाळली होती, नंतर कशीबशी एक वर्षाची वाढ मिळाली, आणि ३१ डिसेंबर १९६४ रोजी ब्रासेरो योजना संपली. ती बंद होण्याला यंत्रे आली, इतर संघटनांनी विरोध केला, अशी आणखीही कारणे आहेत. पण कोणाच्या कागदांनी तिचा पाया उकरला हे विचारले तर पहिले नाव गालार्सा यांचेच निघते.

त्यांची स्वतःची युनियन मात्र त्याआधीच, १९६० मध्ये, बंद पडली होती. १९६५ मध्ये डेलानो येथे फिलिपिनो आणि मेक्सिकन मजुरांचा द्राक्षमळ्यांवरचा प्रसिद्ध संप सुरू झाला, सेझर चावेझ आणि डोलोरेस ह्युर्ता ही नावे जगभर गेली, आणि १९६६ मध्ये त्याच डी जॉर्जिओ कंपनीच्या मजुरांनी मतदान करून युनियन निवडली. त्या वेळी संपाच्या जागी आणून उभे करायला ब्रासेरो उरले नव्हते. या विजयाच्या छायाचित्रांत गालार्सा नाहीत. याची त्यांना खंत असावी असे त्यांच्या नंतरच्या कामावरून वाटत नाही, पण माणूस होता, थोडी असेलही.

उरलेली वर्षे त्यांनी लहान मुलांना दिली. मेक्सिकन मजुरांची मुले शाळेत दोन भाषांच्या मध्ये अडकतात, म्हणून स्पॅनिश आणि इंग्रजीतली चिमुकली पुस्तके त्यांनी लिहिली. प्राणी, पक्षी, शेते, बालगीते. सॅन होजेत द्विभाषिक शिक्षणाची कार्यशाळा चालवली. घरी मुलींना ते हालकोकोतानच्या गोष्टी सांगत, त्या एका रस्त्याच्या, त्या ओढ्याच्या. त्या गोष्टींचेच १९७१ मध्ये ‘बॅरिओ बॉय’ हे आत्मकथन झाले, नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठाच्या छापखान्याने ते काढले. ते पुस्तक पाण्याच्या त्या तक्रारीनंतर लवकरच संपते. पुढच्या पदव्या, हुद्दे, संप, काही त्यात नाही. १९७९ मध्ये साहित्याच्या नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचवले गेले. २२ जून १९८४ रोजी सॅन होजे येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ७८ वर्षांचे होते.

चुआलारच्या अपघाताला पन्नास वर्षे झाली तेव्हा, २०१३ मध्ये, तिथल्या १०१ क्रमांकाच्या महामार्गाच्या तुकड्याला ब्रासेरो स्मृती महामार्ग असे नाव देण्यात आले.

त्या आजींना मी पुन्हा भेटणार आहे. बोर्डिंगचे अर्ज धर्मग्रामाच्या कार्यालयात ठेवले आहेत. निघण्यापूर्वी रविवारी मिस्सेनंतर किंवा बुधवारी संध्याकाळी या. ज्यांच्याकडे उचलीचा कागद, स्टँप पेपर किंवा गेल्या हंगामाच्या हिशोबाची वही असेल त्यांनी तीही बरोबर आणावी. नक्कल काढून ठेवू आणि बसून वाचू. नातवाला वाचता येत असेल तर त्यालाही आणा.

तुमचा,
फादर